‘क्रॅश’ आणि दिवाळे

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी काही पाहुणे म्हणून येतात व काही घरजावई होऊन राहतात. ‘क्रॅश’ हा शब्द दुसऱ्या जातीचा होय. विमान पडले की ते ‘क्रॅश’ होते, शेअरबाजार उतरला की तो ‘क्रॅश’ होतो, संगणक काम करता करता मध्येच थंड झाला की तोही ‘क्रॅश’च होतो. दादरच्या शिकवणीवर्गांच्या पाट्या वाचीत चालावे, तर परीक्षा तोंडावर आली असता सबंध अभ्यासक्रम थोडक्या आठवड्यांत घोटून पाजणाऱ्या वर्गासही ‘क्रॅश कोर्स’ असे नाव दिलेले आढळते. अकस्मात ओढवणाऱ्या नाशाचा वाचक असलेला शब्द यशाची हमी म्हणून विकला जावा, आणि आईबापांनी तो पैसे मोजून विकत घ्यावा, यातील विनोद पाटी रंगविणाऱ्याच्या ध्यानात आला नसावा.

मुळात हा शब्द नुसता आवाज आहे. काचेचे भांडे फुटते, वाळलेली फांदी मोडते, तेव्हा कानास जे ऐकू येते त्याची नक्कल करून इंग्रज लोकांनी चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास तो बनविला. (अंग पुसण्याच्या जाडसर तागी कापडासही इंग्रजीत ‘क्रॅश’ म्हणतात; परंतु तो रशियन भाषेतून आलेला निराळा शब्द असून त्याचा या कुळाशी संबंध नाही.) पेढ्या व बाजार यांच्या अकस्मात नाशास हा शब्द लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे; वाहनांच्या अपघातास तो विसाव्या शतकात लागला, आणि संगणकास तर कालपरवा. म्हणजे कानाचा शब्द प्रथम हिशेबाच्या वहीत शिरला व तेथून आकाशात गेला.

मराठीस अशा शब्दांची ददात कधीच नव्हती. भाव ‘गडगडतात’, यात मेघाचा नाद आहे. घर ‘कोसळते’. व्यापारात मनुष्य ‘आपटी खातो’. पैसा ‘बुडतो’, जणू सावकारी हा सारा समुद्राचाच व्यवहार. धंदा मात्र ‘बसतो’. पावसाळ्यात जुन्या घराची मातीची भिंत आवाज न करता बसते, तसा. आणि या सर्वांत मानाचा शब्द म्हणजे ‘दिवाळे’. देणे देणे अशक्य झालेला व्यापारी भर दिवसा आपल्या दुकानात दिवा लावून ठेवी, तो पाहून धनको काय ते समजत, अशी या शब्दाची उपपत्ती परंपरेने सांगतात. ती खरी असो वा नसो, चित्र मोठे बोलके आहे. इंग्रजाने कानाने ऐकले तेथे आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे मराठी माणसाने त्या दिव्यासही आवाज दिला आणि दिवाळे ‘वाजू’ लागले, हा भाग वेगळा.

परंतु या दोन शब्दांतील खरा भेद आवाजाचा किंवा उजेडाचा नाही. तो व्याकरणाचा आहे. बँक ‘क्रॅश झाली’ या वाक्यात कर्ता कोण, हे कोणी विचारीत नाही. वीज पडावी किंवा भूकंप व्हावा, तशी ती गोष्ट घडते. मराठीत मात्र दिवाळे ‘निघते’ आणि दिवाळे ‘काढताही’ येते. बँक ‘बुडते’ आणि बँक ‘बुडविताही’ येते. अकर्मक व सकर्मक या दोन रूपांमधील अंतर एका अक्षराचे असेल, पण न्यायासनासमोर ते अंतर फार मोठे ठरते. हा केवळ वैयाकरणी काथ्याकूट नव्हे. मुंबई शहराच्या इतिहासात हा प्रश्न एकदा अगदी रोखठोक विचारला गेला आहे, आणि ती हकीकत मुंबईच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या ‘क्रॅश’ची, म्हणजे १८६५ सालची आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शहरावर मराठीत लिहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ. तो ज्या वर्षी छापला गेला त्या वर्षी मुंबईत पैशाचा पूर आलेला होता, आणि त्या पुराचा उगम सात समुद्रांपलीकडे होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेतील उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर चालत त्यातील फार मोठा हिस्सा या दक्षिणेतून येत असे. तो येईनासा झाला, मँचेस्टरच्या बाजूस लक्षावधी मजूर बेकार झाले, आणि आजवर आखूड धाग्याचा म्हणून नाके मुरडून घेतला जाणारा हिंदुस्थानचा कापूस एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस मुंबईत उतरे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, त्याचाही या व्यापारास हातभार लागला. कुलाब्याच्या कापूसबाजारात भाव तिपटीचौपटीवर गेले. गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस लोकांनी विकावयास काढला, अशी आख्यायिका त्या दिवसांविषयी सांगतात. शहराच्या गॅझेटियरमध्ये अंदाज दिला आहे तो असा, की युद्धाच्या सुमारास पाच वर्षांत नेहमीच्या किमतीवर मुंबईस सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मिळाले.

एवढा पैसा आला खरा, पण तो ठेवावयाचा कोठे? आज अशा प्रश्नास शंभर उत्तरे आहेत. त्या काळी शहरात कापडाच्या गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी ताडदेवास १८५६ मध्ये सुरू झाली होती, आणि परळ-लालबागचे गिरणगाव अजून व्हावयाचे होते. तेव्हा पैसा शेअरांकडे वळला. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्यास मुभा देणारा कायदा १८५७ मध्ये झाला होता, व १८६० मध्ये ती मुभा बँकांसही मिळाली होती. मग कंपन्यांचे पेव फुटले. १८६४ अखेर मुंबईत ३१ बँका, १६ ‘फिनॅन्शियल असोसिएशन’, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि यांखेरीज ६२ इतर संयुक्त भांडवलाच्या मंडळ्या होत्या. यांतील ‘फिनॅन्शियल असोसिएशन’ ही मोठी मौजेची चीज. त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देणे. म्हणजे कागदावर कागद ठेवून त्यावर तिसरा कागद देणे. बंगालमध्ये मातला नदीच्या काठी पोर्ट कॅनिंग नावाचे नवे बंदर उभारणाऱ्या कंपनीचे शेअर मुंबईच्या लोकांनी चढ्या भावाने उचलले. त्यांपैकी कितीजणांनी ते बंदर नकाशावर तरी पाहिले होते, कोण जाणे.

या सर्व खेळाचा सूत्रधार म्हणून ज्यांचे नाव घेतात ते प्रेमचंद रायचंद. यांचा जन्म सुरतेचा, १८३१ सालचा. दलालीच्या धंद्यात पडून तिशी उलटते न उलटते तोच ते बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. नव्या कंपनीचे शेअर कोणास किती मिळावेत हे त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि बँकांच्या कचेऱ्यांत त्यांच्या शब्दास तारणाची किंमत होती. त्यांची सर्वांत मोठी योजना म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून मलबार टेकडीपर्यंतच्या अर्धवर्तुळाकार आखातात भर घालून जमीन काढावयाची, तीतून बी. बी. सी. आय. रेल्वेस मार्ग द्यावयाचा व उरलेली विकून पैसा करावयाचा, असा तो बेत. कंपनीच्या शेअरची दर्शनी किंमत ५,००० रुपये. तो ५०,००० रुपयांच्या घरात गेला! गिरगावच्या ज्या किनाऱ्यावर तोवर कोळ्यांच्या होड्या ओढल्या जात, त्या किनाऱ्यापुढील न काढलेल्या जमिनीचा भाव असा गगनास भिडला. जमीन अजून पाण्याखालीच होती, हे येथे सांगावयास हवे.

इंग्रजांनी या प्रकारास ‘शेअर मेनिया’ म्हटले, म्हणजे शेअरचे वेड. हा शब्दही ‘क्रॅश’चाच भाऊ. एकात सगळ्या शहरास वेड लागते, दुसऱ्यात सगळे शहर कोसळते. दोहोंतही कोणा एकाने काही केले असे निघत नाही. मात्र वेडाच्या भरातही सह्या करणारा हात, कर्ज मंजूर करणारा हात आणि वायदा लिहून देणारा हात हे शाबूत डोक्याच्या माणसांचेच होते.

वायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुढचा अनर्थ त्यातून झाला. शेअर आज विकत न घेता पुढील अमुक तारखेस अमुक भावाने घेईन असा करार करावयाचा. त्या तारखेस भाव चढलेला असला तर फरकाचा नफा, उतरलेला असला तर फरकाचा तोटा. हातात दमडी नसताही मनुष्य लाखांचा व्यवहार करू शके. अशा असंख्य वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही ठरली होती. सबंध शहराने जणू एकाच दिवसाची हुंडी लिहून दिली होती.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला व यादवी युद्ध संपल्यात जमा झाले. अटलांटिक महासागराखालील तार कायमची चालू झाली ती पुढल्या वर्षी. त्यामुळे ही वार्ता प्रथम आगबोटीने विलायतेस व तेथून मुंबईस आली. कापसाचे भाव गडगडले. ज्याच्या भरवशावर सर्व इमारत उभी होती ती वीटच निघाली. मोठ्या घराण्यांची दिवाळी वाजू लागली. आरंभीच्या मोठ्या दिवाळ्यांपैकी बेहरामजी होरमसजी कामा यांचे दिवाळे तीस लाख पौंडांहून अधिक देण्याचे होते. १ जुलै उजाडला तेव्हा देणारे कोणी उरले नव्हते आणि घेणारेही स्वतः दुसऱ्याचे देणेदारच होते. प्रत्येकाचे येणे दुसऱ्याच्या देण्यात अडकलेले. दोरीच्या गुंत्यासारखी अवस्था झाली. जुगारी करार न्यायालयात रद्दबातल ठरावेत म्हणून मुंबई सरकारने त्याच साली एक कायदा केला. पण पूर ओसरल्यावर बांध घालावा तसे ते झाले. बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांस विकावा लागे.

सर दिनशा एदलजी वाच्छा हे त्या वेळी विशीतले होते. मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर त्यांनी १९१० मध्ये इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि आजही या विषयाच्या अभ्यासकास तेथूनच आरंभ करावा लागतो. पंचेचाळीस वर्षांनंतरही ती गोष्ट सांगितलीच पाहिजे असे ज्या पिढीस वाटले, तिने काय पाहिले असेल याची कल्पना करता येते.

मराठी समाजास या तडाख्याचा स्पर्श झाला नाही, हा सर्व पारशी-भाट्यांचा उद्योग, असे कोणी समजेल तर ते खरे नव्हे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, कुष्ठरोगावर संशोधन करणारे, शिलालेख व ताम्रपट वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे द्रव्य या शेअरांत गेले. ज्यांनी गरिबांस फुकट औषध दिले व प्राचीन वस्तूंवर पैसा खर्च केला त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे ओढग्रस्तीत गेली; १८७४ मध्ये ते वारले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयास आज त्यांचे नाव आहे, त्याची कथाही याच काळाशी जोडलेली आहे. त्याचा पाया १८६२ मध्ये लोकवर्गणीच्या बळावर घातला गेला. पण वर्गणी देणारेच बुडाल्यावर काम रेंगाळले, सरकारला त्यात हात घालावा लागला, आणि संग्रहालय उघडावयास १८७२ साल उजाडले. गिरगावचे नाना शंकरशेट ३१ जुलै १८६५ रोजी, म्हणजे त्या भयंकर मुदतीनंतर बरोबर एका महिन्याने निवर्तले. मुंबईच्या एतद्देशीय समाजाचा एक कर्ता पुरुष अशा वेळी गेला की ज्या वेळी त्याची सर्वांत अधिक गरज होती.

आणि ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात आली नाहीत, त्यांचे काय? तेजीच्या काळात शहराचा किल्ला पाडला जात होता, रस्ते, इमारती, भरणी यांची कामे चालू होती, आणि गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या मजुरीचे दर चढले होते. कोकणातून व देशावरून माणसे लोटत होती. फेब्रुवारी १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ होती. पहिल्या गणतीत काही फुगवटा असेल असे धरले, तरी पावणेदोन लक्षांच्या आसपासचा हा फरक सहज झटकून टाकण्याजोगा नाही. एवढी माणसे गेली कोठे? बहुतेक जेथून आली तेथे. गलबतात बसून रत्नागिरीच्या किनाऱ्यास परत गेलेल्या गवंड्याने एकही शेअर घेतलेला नव्हता. त्याच्यापुरता हा ‘क्रॅश’ म्हणजे एके सकाळी कामावर गेला असता मुकादमाने ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगणे, एवढाच होता. त्याचा आवाज कोणास ऐकू आला नाही.

आता त्या न्यायासनासमोरच्या प्रश्नाकडे वळू. बँक ऑफ बॉम्बे ही काही साधी पेढी नव्हे. १८४० मध्ये स्थापन झालेली ती इलाख्याची बँक. तीत सरकारचे भाग होते व सरकारने नेमलेले संचालक तिच्या मंडळावर बसत. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने इलाख्याच्या बँकांकडून आपल्याकडे घेतला, आणि पुढे १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेसाठी नवा कायदा होऊन कर्ज देण्यासंबंधीची जुनी कडक बंधने सैल झाली. ज्या क्षणी सर्व शहरास शेअरांचे वेड लागले होते, त्याच क्षणी बँकेच्या तिजोरीची कडी काढण्यात आली. १८६८ मध्ये ही बँक बुडाली, भागीदारांचे जवळजवळ सारे भांडवल गेले, आणि तिच्या जागी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. (ही नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत व ती १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, स्टेट बँकेत खाते असलेल्या वाचकांस या वंशवृक्षाची माहिती असलेली बरी.)

सरकारला चौकशी करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली १८६८ मध्ये आयोग नेमला गेला. त्यापुढे प्रश्न थोडक्यात हाच होता: बँक बुडाली, की बुडविली गेली? आयोगाने काळ असाधारण होता हे नाकारले नाही. परंतु त्याने तेवढ्यावर भागविले नाही. कायद्यातील सैलपणा, दुबळ्या व तत्त्वशून्य सेक्रेटरींनी त्या सैलपणाचा घेतलेला फायदा, संचालकांचा निष्काळजीपणा आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव, ही कारणे त्याने एकेक करून मांडली. प्रेमचंदांच्या वजनाखाली बँक किती वाकली होती, हेही साक्षींतून पुढे आले. म्हणजे ज्या घटनेस बाजारात नुसते ‘क्रॅश’ म्हणून सोडून देत होते, तिला जॅक्सन साहेबांनी सकर्मक क्रियापद लावले, असे माझ्यासारखा भाषेचा शिक्षक म्हणेल. या अहवालाने कोणाचा पैसा परत आला नाही. पण ज्या निवृत्त मनुष्याने आयुष्याची पुंजी सरकारी नावाच्या भरवशावर त्या बँकेत घातली होती, त्यास निदान एवढे तरी कळले की त्याचे घर दैवाने पाडले नाही.

प्रेमचंदांविषयी न्याय करताना मन दुभंगते, हे कबूल केले पाहिजे. तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठी दोन लक्ष व मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपले. कलकत्ता विश्वविद्यालयासही त्यांनी दोन लक्षांची देणगी दिली, आणि तिच्या व्याजातून चालणाऱ्या शिष्यवृत्तीने बंगालमधील विद्वानांच्या पिढ्या पोसल्या. स्वतः प्रेमचंद सर्वस्व गमावल्यानंतर पुन्हा दलालीस बसले, पुन्हा उभे राहिले आणि १९०६ मध्ये वारले. ज्यांच्या ग्रंथालयात बसून मी व माझ्यासारख्या शेकडो जणांनी वाचन केले त्यांस सरळसरळ बुडवा म्हणावयास जीभ रेटत नाही; आणि दान केले म्हणून हिशेब चुकता झाला असेही म्हणवत नाही. मनोरा २८० फूट उंच आहे. त्याच्या दगडांत कोणाकोणाचा पैसा आहे याची यादी काढता आली असती, तर ती इतिहासास हवी होती.

बॅक बेचे पुढे काय झाले, हे गिरगावकरांस तरी सांगितले पाहिजे. कंपनी मोडली, काढलेली पट्टी सरकारच्या हाती आली आणि तीवरून रेल्वेचे रूळ पडले. मरीन लाइन्स ते चर्नी रोड हा जो मार्ग सोनापूरच्या कडेने जातो, तो या दिवाळ्यातून उरलेल्या किनाऱ्यावरचा होय. सुमारे साठ वर्षांनी हेच आखात पुन्हा भरण्याची हौस सरकारला आली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० मध्ये, ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ निघाले, आठ विभागांत भर घालावयाची ठरली आणि त्यांपैकी चारच पुरे झाले. खर्चाचा अंदाज व प्रत्यक्ष यांत इतके अंतर पडले की त्या योजनेस लोक ‘लॉइडची चूक’ म्हणू लागले. बॅरिस्टर खुरशेद नरिमन यांनी तिच्यातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला, त्यापायी अब्रुनुकसानीची फिर्याद ओढवून घेतली आणि ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. स्वातंत्र्यानंतर त्याच किनाऱ्यावर पुढे जी भर पडली तिच्या टोकास आज त्यांचेच नाव आहे. मुंबईस विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल!

त्याच डायरेक्टोरेटने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचे ठरविले होते. बांधल्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्या याच. त्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला होता. म्हणजे कापसाने एकदा शहर वर नेले, एकदा खाली आणले, आणि नंतर शहराचे कामगार एकेका खोलीत कोंबून ठेवण्याचा खर्चही त्यानेच उचलला.

‘क्रॅश’ हा शब्द वर्तमानपत्रांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कसाठी वापरला, १९९२ मध्ये आपल्याच दलाल स्ट्रीटसाठी वापरला. १८७५ मध्ये ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन करणारे दलाल हे १८६५ मधून तरलेल्यांपैकी व त्यांचे वारसच होते. तेव्हा या शब्दावर मुंबईचा वडिलोपार्जित हक्क आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ज्या घटनेने या शहराचा मध्यभाग सर्वांत अधिक उद्ध्वस्त केला तिच्यासाठी हा शब्द कोणी वापरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाइल रोड येथील भोंगे एकामागून एक थांबले. कोणत्याही एका तारखेस काही कोसळले नाही, म्हणून त्यास ‘क्रॅश’ म्हणता आले नाही. घरातली भांडी गेली, मग मुलांची शाळा गेली, मग माणूस गावी गेला. गिरणीच्या आवारात काही वर्षांनी काचेचे मनोरे उठले.

लालबागच्या चाळीत ज्यांची हयात गेली अशा वृद्ध माणसांस आपण विचारावे की गिरण्यांचे काय झाले. कोणी म्हणतो ‘बसल्या’, कोणी म्हणतो ‘बंद पडल्या’. आणि एखादा, बहुधा साच्याखात्यात उभा राहून तीस वर्षे काढलेला, सावकाश मान हलवून म्हणतो, “बसल्या नाहीत, बसविल्या.” कोणी बसविल्या असे विचारले, तर तो मालकांची नावे घेतो, पुढाऱ्यांची घेतो, सरकारची घेतो, कधी स्वतःच्या युनियनचीही घेतो; आणि त्या नावांविषयी शेजारच्या म्हाताऱ्याचे त्याच्याशी जे भांडण जुंपते ते चहा निवेपर्यंत चालते. त्यांच्यासाठी जॅक्सन आयोग अजून नेमावयाचा आहे.